‘अकरा दातांना कीड’: नाशिकमधली दातांची तपासणी कितपत धरावी

टॉर्च आणि आरसा एवढ्यावर रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या आतली खराब नस काढून पोकळी भरणं, ठरत नाही. सोसायटीत किंवा शाळेत होणाऱ्या मोफत शिबिराचा उपयोग ‘दवाखान्यात जाऊन नीट दाखवा’ असं कळण्यापुरता. शिबिरातून ‘अकरा दातांना कीड’ असा कागद हातात आला आणि त्याच कागदावर तीन कॅपचा (दातावर बसवायच्या टोपणांचा) खर्चही लिहून आला, तर तो कागद रद्दीत गेला तरी चालेल.

कॉलेज रोड, गंगापूर रोडला डेंटल क्लिनिकांना तोटा नाही. खुर्ची किती भारी, यावरून निदान कळत नाही, एस्टिमेटवरून कळतं. त्यावर प्रत्येक दाताचा नंबर, कोणती बाजू किडली आणि ते कशावरून ठरवलं, एवढं हवं. खालची डावी पहिली मोठी दाढ म्हणजे 36. ‘फिलिंग चार, आरसीटी (रूट कॅनाल) एक’ असा मोघम हिशेब दुसऱ्या डॉक्टरला ताडून बघताच येत नाही.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती काळ्या रेघेवरून. मशेरी, तंबाखू, चहा यांचे डाग दाढेच्या खाचेत बसतात आणि हुबेहूब किडीसारखे दिसतात. टोकदार हत्यार खाचेत रुतवून ‘बघा, अडकतंय’ म्हणणं हा पुरावा नव्हे. अरुंद खाचेत टोक चांगल्या दातातही अडकतं, आणि जोर दिला तर नुकताच मऊ पडू लागलेला भाग उलट फुटतो. दात आधी साफ करून, हवेने सुकवून, उजेडात बघायचा असतो. रेघेच्या कडेने पांढुरकी किंवा राखाडी छटा आतून दिसत असेल, तर काळजी.

दोन दातांमधली कीड आरशात बहुधा दिसत नाही, त्यासाठी बाइटविंग, म्हणजे वरच्या-खालच्या दाढा एकत्र दाखवणारा छोटा एक्स-रे लागतो. त्यात वरचं कवच पांढरं, आतला थर करडा आणि कीड काळी दिसते. काळेपणा कवचातच थांबलेला असेल आणि दाताला खड्डा पडलेला नसेल, तर सहसा ड्रिल लावायचं कारण नाही. फ्लोराइडची पेस्ट, दातांमधून दोरा, खाण्याच्या मधली गोड बिस्किटं बंद, आणि सहा महिने ते वर्षभराने पुन्हा तोच एक्स-रे. आतल्या थरात पुरती शिरलेली असेल तर मात्र भरून घ्यावं. अजून एक फसवी जागा आहे: दाताच्या मानेशी, हिरडीलगत, एक्स-रेत आपसूकच काळसर पट्टा उमटतो. किरणं तिथून जास्त आरपार जातात, म्हणून. घाईत तोही कीड म्हणून मोजला जातो.

रूट कॅनालचं ठरवताना थंडाची चाचणी झाली का, हे विचारावं. दात सुकवून, गार स्प्रे मारलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या चांगल्या दातावर आणि मग दुखऱ्या दातावर ठेवतात. बोळा काढल्यावर सळक दोन-तीन सेकंदांत गेली, तर नस बहुधा वाचण्यासारखी आहे. अर्धा मिनिट ठणकत राहिली, रात्री आपोआप जाग येत असेल, किंवा गरम चहाने कळ येऊन गार पाण्याने थांबत असेल, तर नस गेल्यात जमा. काहीच जाणवलं नाही तर ती मेलेली असू शकते. त्यावर आरशाच्या दांड्याने ठोकून बघणं आणि मुळाच्या टोकापर्यंतचा एक्स-रे. यातलं काहीच न करता ‘आरसीटी लागेल’ म्हटलं, तर थांबा.

कॅपबद्दल लोक उगाच जास्त संशय घेतात. रूट कॅनाल झालेल्या दाढेवर चावण्याचा जोर येतो, भिंती पातळ झालेल्या असतात, ती उभी चिरली तर काढावीच लागते. तिथे कॅप बहुतेक वेळा रास्तच. समोरच्या दाताला मात्र मागून छोटंसं भोक पाडून काम झालं असेल, तर नुसतं फिलिंग पुष्कळदा पुरतं. कॅपसाठी एकदा चारी बाजूंनी घासलेला दात पुन्हा भरून येत नाही.

दातात भरलेली जुनी चांदी काळी दिसते एवढ्यावरून काढू नये; कड तुटली किंवा खाली कीड गेली तरच. अक्कलदाढ आडवी आहे पण त्रास नाही, पुढची दाढ किडवत नाही, तर तिच्यावर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं.

उलटही होतं. एक्स-रेत कीड असते त्यापेक्षा कमीच दिसते, म्हणून उघडल्यावर ती खोल निघाली आणि काम वाढलं, तर ती लबाडी नव्हे. सुरुवातीच्या किडीवर दोन प्रामाणिक डॉक्टरांचंही एकमत होत नाही.

पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजची ओपीडी दुसऱ्या मतासाठी चांगली जागा आहे. काम विद्यार्थी करतात, वर शिक्षक तपासतात, त्यामुळे वेळ जातो. ऑफिसातून अर्ध्या तासाची सवड काढून जाण्यासारखं ते नाही.

जाताना एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्या. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो उपयोगाचा नाही. पहिल्या डॉक्टरने काय सांगितलं ते आधी बोलू नका. एक्स-रे पुढे ठेवा, सगळे दात बघायला सांगा, आणि प्रत्येक कामाबद्दल एवढंच विचारा: ‘डॉक्टर, हे सहा महिने तसंच ठेवलं तर काय होईल?’ कोणत्या दातात थांबायचं, कोणत्यात नाही आणि का, हे जो वेगवेगळं सांगेल, त्याच्याकडे काम करून घ्या. सगळ्याच दातांना ‘आजच करून टाकू’ हे उत्तर आलं, तर फाइल उचलून निघा.