पोटरीतली शिरांची गाठ: प्रेशरचा मोजा की इंजेक्शन?

आमच्या पोरीच्या पोटरीत जन्मापासून निळसर मऊ गाठ, रडली की फुगायची, पाय उंच ठेवला की बसायची. एमआरआयमध्ये व्हीनस मालफॉर्मेशन, म्हणजे शिरांची जन्मजात चुकीची घडण निघाली. हिमॅन्जिओमा, म्हणजे तान्ह्या बाळांना होणारी रक्तवाहिन्यांची दुसरी गाठ, वेगळा बरं, तो बहुतेक वर्षभरानंतर आपोआप ओसरायला लागतो, ही गाठ लेकरासोबत वाढते, म्हणून "मोठी झाली की जाईल" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

प्रेशरच्या, म्हणजे पाय घट्ट दाबून धरणाऱ्या मोज्यानं ठणका कमी होतो हे खरं. सुई नाही, भूल नाही. थंड गावात राहत असतो तर आम्ही कदाचित त्यावरच थांबलो असतो. पण नागपुरात एप्रिलपासूनच हाल, सकाळची शाळा सुटून घरी आली की मोजा दप्तरात आणि संध्याकाळी पाय इतका जड की जिना चढायला नाही म्हणायची. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तर कूलरसमोर बसवूनही आत घामोळ्या यायच्या, एका रात्री मोजा काढला तर पायावर विणीची जाळी उमटलेली आणि गुडघ्यामागे तिनं खाजवून खाजवून रक्त काढलेलं. त्याच रात्री आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं की आता इंजेक्शन.

या इंजेक्शनात, म्हणजे स्क्लेरोथेरपीत, सोनोग्राफीवर बघत गाठीत सुई घालून औषध सोडतात, आतलं अस्तर खराब होऊन शिरा आकसतात. आमचे तीन सिटिंग झाले. प्रत्येक वेळी पहिला आठवडा सूज उलट वाढते, घाबरायला होतं. कातडीला जखम व्हायचा धोका असतो, आणि ब्लिओमायसिन नावाचं औषध दिलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, खाजवू देऊ नका, काळे पट्टे राहतात. गाठ पूर्ण गेली नाही, पण पोट्टी आता लंगडी खेळते.

ऑपरेशनचंही विचारलं होतं. गाठ छोटी आणि सुटी असेल तर तेच बरं असेल, आमची स्नायूत पसरलेली, रक्तस्राव जास्त आणि थोडी जरी राहिली तरी परत वाढू शकते.

नागपुरात मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) जा की मिहानच्या एम्सला, आधी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (सोनोग्राफीवर बघत सुईनं असे उपचार करणारा डॉक्टर) आहे का ते विचारा आणि डी-डायमरची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्यांसंबंधीची रक्ततपासणी करायची का तेही. प्रत्येकाची गाठ वेगळी, शेवटी डॉक्टर म्हणतील तेच. फक्त जमलं तर तारखा दिवाळीनंतरच्या घ्या, कारण सिटिंगनंतर काही आठवडे मोजा घालावाच लागतो, आणि डिसेंबरात आमची तोच मोजा घालून गोधडीत गुपचूप झोपायची.