आल्डी झ्यूड, आखन : ९९२ युरोंत घर चालवणाऱ्यांसाठी

आल्डी म्हणजे जर्मनीतलं स्वस्त सुपरमार्केट. आधी हिशोब सांगते, म्हणजे रिव्ह्यू कुठून लिहितेय ते कळेल. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (शिकायला येणाऱ्याने वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) भरलेल्या ११,९०४ युरोंतले महिन्याला ९९२ सुटतात. खोलीभाडं ४१०, आरोग्य विमा दीडशेच्या आसपास, मोबाइल १०, सेमिस्टर फी महिन्यावर काढली तर ५५ (त्यात रेल्वे-बसचं तिकीट आलं, म्हणून ती खुपत नाही). रेडिओ-टीव्हीची वर्गणी १८.३६ युरो, पण ती घरामागे एकच असते. आम्ही चौघी राहतो, त्यामुळे माझ्या वाट्याला साडेचार. उरले तीनशे साठच्या आसपास. खाण्यावर दोनशेच्या वर गेलं की थंडीचे बूट पुढच्या महिन्यावर ढकलायचे.

या दोनशेतले बहुतेक मी आल्डीतच घालवते.

आल्डीत निवड कमी असते, आणि माझ्यासारखीच्या ते पथ्यावर पडतं. मोठ्या सुपरमार्केटात टोमॅटो सॉसच्या पंधरा बाटल्यांपुढे उभं राहिलं की मन हमखास महागड्या बाटलीवर जातं. इथे दोन-तीन, त्याही बहुतेक आल्डीच्या स्वतःच्या ब्रँडच्या. तरी किमतीच्या पट्टीवर खाली बारीक अक्षरांत किलोचा भाव असतो तो वाचाच. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे स्वयंपाकाचं. नवी मुलं आल्या आल्या इंडियन स्टोअर शोधतात आणि पहिल्याच महिन्यात तिथे शंभर युरो मोडून येतात. अहो, मसूरडाळ इथे 'रोटे लिन्झेन' नावाने मिळते, राजमा आणि छोले डब्यात शिजवलेलेच मिळतात. कांदे, बटाटे, कोबी, गाजर, दही, तांदूळ सगळं आहे. पिठाच्या पुड्यावर आकडा असतो. ४०५ म्हणजे आपला मैदाच, त्याच्या पोळ्या गरम असताना छान लागतात आणि डब्यात चामड्यासारख्या होतात. आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा भाग जास्त. १०५० दिसलं तर उचला, त्यात निम्मं 'फोलकोर्न' म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ घाला आणि कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. नुसत्या फोलकोर्नची पोळी लाटताना कडेला फाटते.

आणि क्वार्क, म्हणजे चक्क्यासारखं मऊ जर्मन चीज! पाडव्याला श्रीखंड करायचं असेल तर चक्का बांधायची अर्धी कटकट वाचते. मात्र 'मागर' (कमी स्निग्धांशाचा) लिहिलेला घेऊ नका, तो कोरडा आणि पिठूळ असतो. ४० टक्के स्निग्धांशाचा घ्या, स्वच्छ पंचात तासभर टांगा, मग पिठीसाखर घालून चाळणीतून घासा. केशर-वेलची सांगलीहून आईने दिलेली. माझ्या जर्मन रूममेटने वाटी चाटून पुसून ठेवली आणि 'यात क्वार्क आहे' यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

तूरडाळ, पोहे, हिंग, कढीपत्ता मात्र इथे नाही. त्यासाठी दोन महिन्यांतून एकदा इंडियन स्टोअर, तेही यादी करून.

काउंटरची सवय करून घ्या. पिशवी घरून न्यायची, ट्रॉलीसाठी नाणं हाताशी ठेवायचं, आणि पट्ट्यावर आपला माल संपला की मागच्यासाठी काठी आडवी ठेवायची. बसून काम करणाऱ्या काकू इतक्या वेगाने स्कॅन करतात की तिथेच पिशवी भरत बसाल तर मागची रांग सुस्कारे सोडते. सगळं परत ट्रॉलीत लोटा, पैसे द्या, बाजूच्या फळीवर जाऊन निवांत भरा. रिकाम्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन फेकायच्या नाहीत. एकेकीचे २५ सेंट अनामत असतात. मशीनमध्ये टाकून चिठ्ठी घ्यायची, बिलातून तेवढे वजा होतात. पार्टीनंतर सगळ्यांच्या बाटल्या 'मी नेते हं' म्हणून उचलणारी पहिली मीच.

सावध राहायचं ते मधल्या रांगेपासून. तिथे दर आठवड्याला नवा माल असतो, कधी तंबू, कधी ड्रिल मशीन, कधी गाद्या. दूध घ्यायला गेलेला माणूस तिथून वॅफल मशीन घेऊन बाहेर पडतो. मी त्या रांगेतून जातच नाही, वळसा घालते.

एसेनला शिकणाऱ्या मित्राने पाठवलेला ऑफरचा फोटो बघून इथे शोधू नका. त्याची आल्डी वेगळी. आल्डी उभी करणाऱ्या अल्ब्रेख्त बंधूंनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला धंदा वाटून घेतला, सिगारेट विकायच्या की नाही यावरून म्हणे. तेव्हापासून उत्तरेची नॉर्ड आणि दक्षिणेची झ्यूड, लोगोही निराळे. आखन झ्यूडमध्ये येतं.

रविवारी बंद. शनिवारी संध्याकाळी भाजीचा कोपरा उजाड असतो, तेव्हा सकाळीच जा. जवळच्या तारखेच्या दह्या-पनीरवर सवलतीचे स्टिकर लावलेले दिसतात, ते आधी बघा. पाचापैकी साडेचार. अर्धा कापला तो कढीपत्त्यासाठी.