गल्ली बदलतेय, नोंद कशी ठेवाल? फोटो, उपग्रह की कागद

कोपऱ्यावरचा बंगला नेमका कधी पाडला, यावर आमच्या घरी एकदा जेवणापासून शतपावलीपर्यंत वाद चालला. बायको म्हणे लॉकडाउनच्या आधी, मुलगा म्हणे मेट्रो सुरू झाल्यावर. आम्ही कोथरूडात, पौड रस्त्यापासून दोन वळणं आत राहतो. इथे सहा महिने गेले की कुठल्या ना कुठल्या सोसायटीभोवती पाडकामाचे पत्रे लागलेच. शेवटी निकाल दिला तो मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोनं: मागे बंगला शाबूत, पुढे केकवर ११ चा आकडा. तेव्हापासून गल्लीची नोंद ठेवायला लागलो आणि तीन वाटा चालून पाहिल्या.

पहिली वाट फोटोची. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी आठ, विजेच्या डीपीला पाठ लावून उभं राहायचं आणि मोबाइल आडवा धरायचा. (दुसऱ्या डीपीचं पुढे येतंच.) जागा आणि वेळ बदलायची नाही, एवढाच नियम. सुरुवातीचे तीन-चार फोटो इतके सारखे दिसतात की कंटाळा येतो. मग एकदम कळतं. गिरणीच्या दारावर ‘गुरुवारी बंद’ची पाटी, पुढच्या महिन्यात शटर खाली, नंतर ‘जागा भाड्याने देणे आहे’, आणि पाचव्या फोटोत मोमोजवाला. छप्पर तेच, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. खोट एकच: फोटो झालेलं सांगतो, होणारं नाही. समोरच्या गुलमोहराच्या खोडावरची झाड तोडण्याची नोटीस मी फोटो मोठा करून वाचली, तोवर हरकतीची मुदत उलटून गेली होती.

उपग्रहाची चित्रं उपयोगी पडतात ती तुम्ही नोंद सुरू करण्याआधीच्या काळासाठी. गूगल अर्थवर जुनी चित्रं तारखेनिशी मागे-मागे नेता येतात. बाणेर-बावधनच्या टेकड्यांचा पायथा कसा भरत गेला हे तिथे पाहावं. घसा कोरडा पडतो. १९८४ पासूनचा टाइमलॅप्सही आहे, पण त्या काळच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांत एक ठिपका म्हणजे ३० मीटर बाय ३० मीटर. त्यात कोपऱ्यावरचा बंगला अंगणासकट गडप. पावसाळ्यात ढग आड येतात, आणि इमारत चार मजली की बारा, हे सावलीवरून ताडावं लागतं. स्ट्रीट व्ह्यू पुण्यात २०२२ मध्ये आलं. तुमची गल्ली त्यात असेल तर एक आयता फोटो मिळाला म्हणायचं.

आता कागद. रूक्ष काम, पण पुढचं दिसतं ते इथेच. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर विक्रीच्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी लागते. तिथे मजले, मंजूर नकाशे, ताबा द्यायची तारीख आणि ती पुढे ढकलली असेल तर तेही सापडतं. छोट्या भूखंडावरचं बांधकाम मात्र या जाळ्यातून सुटतं. आणि हा दुसरा डीपी, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, शहराचा विकास आराखडा: रंग आणि आरक्षणं सगळेच बघतात, मी आधी रस्त्याची रुंदी बघतो. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला जादा बांधकामाचा हक्क) मिळत नव्हता, म्हणून तर २०२० मध्ये सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करायचा विषय पुणे पालिकेत निघाला. रस्ता रुंद झाला की इमारतीही वर जाणार, हे फोटोत दिसायच्या कितीतरी आधी नकाशात दिसतं.

मग निवडायचं काय? फ्लॅट घ्यायचा असेल किंवा सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल, तर आधी कागद. फोटोंचा छंद नंतर. परगावी राहून माहेरची गल्ली बघायची असेल तर उपग्रह. आणि तिथेच राहत असाल, महिन्याला दहाच मिनिटं असतील, तर डोळे झाकून फोटो. जुनी चित्रं आणि कागद उद्याही मिळतील, पण गिरणीची पाटी गेली की गेली.

परवा वायरमन सांगत होता, रस्त्याच्या कामात डीपी पलीकडे सरकवणार आहेत. म्हणजे आता उभं राहायला नवी जागा शोधणं आलं. नवी-जुनी चौकट जुळावी म्हणून या रविवारी दोन्हीकडून एकेक फोटो काढून ठेवणार आहे.