टीव्हीमागचा टेस्ट मिरर: रास्पबेरी पाय ४, आठ महिन्यांनंतर

एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या वेबसाइटची डागडुजी मी फावल्या वेळात करते. बग किरकोळच असतात: मोबाइलवर मेनू अर्धाच उघडतो, मराठी पानावर जोडाक्षर फुटतं. पण खऱ्या साइटला हात लावण्याआधी तिच्या नकलेवर, म्हणजे टेस्ट मिररवर करून बघायचं, हा आमचा दंडक. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून ४ जीबी मेमरीचा सेकंड-हँड रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, आणला. साडेचार हजार सांगितले, साडेतीनला दिला. अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागला, पण तो घ्याच. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा.

आता भांडुपच्या घरात टीव्हीमागे बसलाय. पहाटे तीनला आरसिंक हा फाइली जुळवणारा प्रोग्राम खऱ्या साइटवर बदललेलं तेवढंच उचलून आणतो. पहिल्याच आठवड्यात, खऱ्या साइटवर नसलेलं पुसून टाकणारा 'डिलीट'चा पर्याय चालू ठेवला आणि माझी नवी सीएसएस फाइल (पानांचं रूप ठरवणारी) रातोरात गुल! चूक माझीच. आता नक्कल एका फोल्डरात, माझ्या दुरुस्त्या दुसऱ्यात.

एका रविवारी मेनू दुरुस्त केला, डाउनलोडच्या पानावर जाऊन पाहिलं, तर तसाच. ब्राउझरने साठवलेली जुनी पानं (कॅश) पुसली, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट केला, सीएसएस ओळ न ओळ वाचली. दीड तास गेला. मग अ‍ॅड्रेस बारकडे लक्ष गेलं. पानांच्या साच्यात, म्हणजे टेम्पलेटमध्ये, 'डाउनलोड'ची लिंक अख्ख्या पत्त्यानिशी लिहिलेली; एका क्लिकमध्ये मी केव्हाच खऱ्या साइटवर पोचले होते आणि तिथला जुना मेनू बघत बसले होते. लिंकमधलं डोमेन काढून नुसता पुढचा मार्ग ठेवला. तेव्हापासून मिररच्या डोक्यावर 'चाचणी' अशी पिवळी पट्टी आहे. पिवळं दिसलं नाही की हात आखडते.

खटकलेल्या गोष्टी आहेत. मेमरी कार्ड तिसऱ्या महिन्यात गेलं. सर्व्हर सतत लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, लिहितो, कार्डाला ते झेपत नाही. आता निळ्या, वेगवान यूएसबी पोर्टला एसएसडी (वेगवान डिस्क) लावून त्यावरूनच बूट करते, पानंही चटचट उघडतात. मे महिन्यात तापमान ७८ अंशांवर गेलं. ८० ला तो आपणहून वेग कमी करतो. मी "पाय फारच तापलाय" म्हणाले, तर सासूबाई बाम घेऊन आल्या. अ‍ॅल्युमिनियमची केस बसवल्यावर साठीतच राहतो.

बाहेरून बघायचं तर मात्र कटकट. आमच्या कनेक्शनला स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेट पत्ता, नाही, कित्येक घरं एकाच आयपीमागे. पुण्याच्या सहकाऱ्याला काही दाखवायचं तर भाड्याच्या छोट्या सर्व्हरमधून उलटा एसएसएच टनेल काढते, म्हणजे पायच त्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करतो आणि सहकारी त्यातून आत येतो. रोज चार-पाच जण तपासणार असतील तर मिरर सरळ भाड्याच्या सर्व्हरवरच ठेवा.

एकट्याच्या कामाला पाय पुरतो. पण घरात जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर हेही पैसे घालू नका, त्यावर लिनक्स टाका. माझा मी भंगारवाल्याला दीडशे रुपयांत दिला, पाय घ्यायच्या महिनाभर आधी.