आयर्नला ग्राफाइट शाफ्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोल्फमध्ये वय वाढतं तसा स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याचा वेग उतरतो. पण ते लक्षात येतं वेगळ्याच खुणेवरून. ५ आणि ६ नंबरच्या आयर्नचे (धातूच्या पातळ हेडचे क्लब) चेंडू एकाच अंतरावर पडायला लागतात. कमी वेगात ५ नंबरच्या चेंडूला पुरेशी उंचीच मिळत नाही, त्यामुळे तो सपाट जातो आणि लवकर खाली येतो. ही खूण दिसली की शाफ्टचा, म्हणजे क्लबच्या दांडीचा विचार करायची वेळ झाली असं समजावं. मात्र ४ आणि ५ नंबरसाठी नवे शाफ्ट घेऊ नयेत. तिथे हायब्रिड (जाड हेडचे, चेंडू सहज उचलणारे क्लब) घ्यावेत आणि शाफ्टचे पैसे ६ नंबर ते पिचिंग वेज (९ नंबरच्या पुढचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) या पाच क्लबांवर घालावेत.

इथे लिहितोय त्या सेटमध्ये हेच केलं आहे. हेड जुनेच, कॅव्हिटी बॅक (मागून खोलगट), कास्ट म्हणजे ओतीव स्टीलचे. आधी ११५ ग्रॅमचा स्टील शाफ्ट होता, आता ७२ ग्रॅमचा ग्राफाइट, ए फ्लेक्स (फ्लेक्स म्हणजे शाफ्टचा लवचीकपणा), ज्याला सिनियर म्हणतात तो. वापरणाऱ्याने साठी ओलांडली आहे, ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारणारा क्लब) वेग ताशी ८० मैलांच्या आसपास. सप्टेंबरच्या ओल्या जमिनीपासून एप्रिलच्या कडक मुरमापर्यंत नाशकात वापर झाला.

आधी वजन ठरवा, मग फ्लेक्सचं अक्षर बघा. ए, आर (रेग्युलर), एस (स्टिफ, म्हणजे ताठ) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक माप नाही. एकीचा आर दुसरीच्या ए इतका मऊ निघू शकतो. ग्रॅम मात्र सगळीकडे सारखेच. फरक एवढाच की कॅटलॉगमधलं वजन न कापलेल्या शाफ्टचं असतं, कापल्यावर ते कमी भरतं. ढोबळ तीन पायऱ्या धराव्यात. ९० ते १०० ग्रॅम: ताकद शाबूत आहे, फक्त कोपर-मनगट कुरकुरतं अशांसाठी (या वजनात निप्पॉन कंपनीचा ९५०जीएच हा हलका स्टीलही येतो, ग्राफाइटच हवा असं नाही). ७० ते ८५: वेग खरोखर उतरला आहे त्यांच्यासाठी. ५५ ते ६५: अगदी संथ स्विंगसाठी. संथ आणि कमी वेगाचा यांत गल्लत करू नका. वेग कमी असूनही ज्यांचा क्लब वरून झटक्यात खाली येतो, त्यांच्या हातात ६० ग्रॅमचा शाफ्ट पळतो. हात पुढे जातात, फटका हेडच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाकडे बसतो आणि चेंडू कधी उजवीकडे, कधी डावीकडे. स्टीलचा थर असलेला एअरोटेक कंपनीचा स्टीलफायबर शाफ्ट अशांना जास्त मानवतो. आत ग्राफाइट आणि बाहेरून स्टीलच्या तंतूंचं पातळ वेष्टन, त्यामुळे हाताला क्लब हरवल्यासारखा वाटत नाही.

आता तोलाची बाब. बहुतेकांचं इथेच बिनसतं. शाफ्टचं वजन साधारण ९-१० ग्रॅमने घटलं की स्विंगवेट (फिरवताना हेड हाताला किती जड लागतं त्याचं माप; ते सी८, सी९, डी०, डी१ असं चढत जातं) एक अंक उतरतो. या सेटमध्ये कापल्यानंतरचा फरक ४० ग्रॅमच्या जवळ, म्हणजे डी२ वरचा क्लब थेट सी८ वर आला. नुसता शाफ्ट बदलून खेळायला गेलं तर हेड कुठे आहे तेच कळत नाही, आणि दोष ग्राफाइटच्या माथी. भरपाईचे हिशेब ठरलेले आहेत: लांबी अर्धा इंच वाढवली की तीन अंक वर, हेडकडे २ ग्रॅम घातले की एक अंक वर, ग्रिप ५ ग्रॅमने जड झाली की एक अंक खाली. पाव इंच लांबी आणि शाफ्टच्या टोकात २ ग्रॅमचं पितळी वजन, एवढ्यावर हा सेट डी० ते डी१ मध्ये बसला. सगळी भरपाई लांबीने करू नये, फटका मधोमध बसेनासा होतो. सगळी टोकाच्या वजनानेही नको, होझलमध्ये (हेडची शाफ्ट बसतो ती नळी) फार भार गेला की गुरुत्वमध्य हेडच्या टाचेकडे, म्हणजे शाफ्टकडच्या बाजूला सरकतो.

लांबी वाढली की लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) बदलते, अर्ध्या इंचाला सुमारे एक अंश. ते घरी तपासता येतं. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने जाड उभी रेघ काढायची, ती फेसच्या (हेडचा चेंडूला लागणारा भाग) बाजूला ठेवायची आणि एक फटका मारायचा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. सरळ उभा असेल तर ठीक. वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलं असेल तर लाय जास्त उभी, टाचेकडे झुकलं तर जास्त सपाट. नव्या शाफ्टवर ७ नंबरचा पहिला ठसा टोकाकडे किंचित कललेला होता. अर्धा अंश सपाट केल्यावर उभा झाला.

चाचणी ७ नंबरच्याच क्लबवर करावी. जुना आणि नवा असे पाच-पाच फटके आलटून पालटून, आणि चाळीस मिनिटांनी हात दमल्यावर पुन्हा तेवढेच. दमलेल्या हाताचे फटके जास्त खरं सांगतात. आपल्याकडे आणखी एक फसगत होते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरतो तेव्हा सकाळी चेंडू कमी जातो, एप्रिलमध्ये तोच चेंडू तोच क्लब जास्त नेतो, शिवाय कडक जमिनीवर घरंगळतो ते वेगळंच. जानेवारीत स्टीलवर मोजलेलं अंतर एप्रिलमधल्या ग्राफाइटच्या अंतराशी लावलं तर उन्हाचं श्रेय शाफ्टला जातं. एकाच सकाळी, आणि चेंडू पडला तिथपर्यंतच मोजावं. मुंबईच्या मित्राच्या आकड्याशीही तुलना नको, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि हवा तेवढी विरळ.

अशा मोजणीत वेगातली वाढ ताशी एखाद-दीड मैल दिसते. अंतर पाच यार्ड वाढलं तरी खूप. खरा फायदा उंचीचा. चेंडू जास्त उभा उतरतो आणि ग्रीनवर थांबतो. तरी चेंडूची फ्लाइट खालीच राहिली तर हेडचा लॉफ्ट (फेस मागे कलल्याचा कोन) पाहा. आजकाल कित्येक ७ नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट २८-२९ अंश असतो, पूर्वी तो ३४ च्या आसपास असे. २८ अंशांच्या हेडला कमी वेगात कोणताही शाफ्ट पुरेसा उचलू शकत नाही.

कोपरासाठी मात्र ग्राफाइटच सर्वांत चांगला. रबर मॅटवर किंवा मार्चनंतरच्या टणक जमिनीवर जाड फटका (चेंडूआधी जमिनीला लागणारा) बसला की स्टीलमधून जी झिणझिणी दंडापर्यंत जायची, ती मनगटापाशीच विरते. एवढ्याचसाठी पैसे घातले तरी वाया जात नाहीत.

दोष एकच निघाला, आणि तो बसवणीचा. पाचव्या महिन्यात ९ नंबरमधून फटक्याला बारीक टक् असा आवाज यायला लागला. फेरूल (होझलच्या तोंडावरची प्लास्टिकची कडी) आणि होझलच्या मध्ये केसाएवढी फट, तिच्यात करडी भुकटी. शाफ्ट काढल्यावर कळलं की टोकाचा रंग नीट घासलेलाच नव्हता, रंगावर इपॉक्सी (शाफ्ट चिकटवायचा गोंद) धरत नाही. होझलमध्ये जातो तेवढा भाग, साधारण सव्वा इंच, रंग निघेपर्यंतच घासायचा, त्याखालचे तंतू कापायचे नाहीत. होझल आतून स्पिरिटने पुसायचं, इपॉक्सी २४ तास सुकू द्यायची. ग्राफाइट काढताना स्टीलसारखा पिळून काढता येत नाही, पिळला की तंतू फाटतात. सरळ ओढणारा एक्स्ट्रॅक्टरच लागतो, आणि उष्णता कमीत कमी. कापायला पाइप कटर चालत नाही, तो शाफ्ट चिरडतो. जागेवर मास्किंग टेप गुंडाळून बारीक दात्यांची करवत किंवा अपघर्षक चकती वापरा, तोंडावर मास्क बांधा. सेट फिटरकडे पाठवला तरी हे प्रश्न आधी विचारून घ्या. टोक ०.३५५ इंचाचं निमुळतं की ०.३७० चं सरळ, हेही मोजून कळवा, नाहीतर शाफ्ट चुकीचा येतो.

आठ महिन्यांत रंग फक्त बॅगच्या कडेला घासला जातो तिथे, ग्रिपखाली वीतभर अंतरावर उडाला आहे. तिथे अंगठ्याचं नख फिरवून बघत जा. नख अडकलं तर चीर आहे, तो शाफ्ट वापरू नये. आणि एप्रिल-मेमध्ये सेट गाडीच्या डिकीत ठेवू नका, त्या तापात इपॉक्सीची पकड ढिली पडत जाते.