स्टार अलायन्स गोल्ड : पुण्यातून वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

स्टार अलायन्स ही विमान कंपन्यांची जागतिक आघाडी. तिच्या गोल्ड सदस्यत्वासाठी, म्हणजे वारंवार उडणाऱ्या प्रवाशांना मिळणाऱ्या वरच्या दर्जासाठी, तिच्याकडे अर्ज करता येत नाही, कारण या आघाडीची स्वतःची सदस्यनोंदणीच नाही. मला ते मिळाले सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या नियमित प्रवाशांसाठीच्या योजनेतून. तेथे एलिट गोल्ड झालेला प्रवासी आघाडीतील इतर सर्व कंपन्यांच्या लेखी आपोआप स्टार गोल्ड ठरतो. चाकणच्या कामासाठी जर्मनी आणि सिंगापूरच्या फेऱ्या करताना हे कार्ड मी वापरत आलो असून आता त्याचे वर्ष सरत आले आहे. हिंजवडी आणि चाकण परिसरात परदेशी ग्राहकांकडे ये-जा करणारे पुष्कळ लोक याविषयी विचारत असतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट निवडीची. आघाडीने रुपेरी आणि सोनेरी अशा दोनच पायऱ्या ठरवलेल्या आहेत. त्या पायऱ्यांवर कोणाला चढवायचे, हा निर्णय प्रत्येक विमान कंपनी आपापल्या मापाने घेते. क्रिसफ्लायरमध्ये 12 महिन्यांत 25,000 एलिट मैल (दर्जासाठी मोजले जाणारे मैल) झाले की सिल्व्हर आणि 50,000 झाले की गोल्ड. टर्किश एअरलाइन्सच्या योजनेत वर्षभरात 40,000 दर्जा-मैल पुरतात आणि मिळालेला दर्जा दोन वर्षे टिकतो. लुफ्तान्साने 2024 पासून मैल मोजणेच सोडून दिले आहे. तेथे प्रवास खंडांतर्गत होता की आंतरखंडीय आणि आसन कोणत्या वर्गाचे होते, यावर गुण मिळतात. 650 गुणांना फ्रिक्वेंट ट्रॅव्हलर म्हणजे स्टार सिल्व्हर आणि 2,000 गुणांना सिनेटर म्हणजे स्टार गोल्ड. या गुणांपैकी निम्मे लुफ्तान्सा गटाच्या आणि तिच्याशी संलग्न काही कंपन्यांच्याच विमानांतून मिळवावे लागतात. मापे इतकी वेगळी असूनही विमानतळावरच्या खिडकीपलीकडील कर्मचाऱ्याला पडद्यावर सर्वांचे ‘गोल्ड’ सारखेच दिसते. त्यामुळे कोणत्या कंपनीने उड्डाण करायचे यापेक्षा कोणत्या कंपनीच्या खात्यात ते उड्डाण जमा करायचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे बहुतेक प्रवासी त्याचा विचारच न करता समोर येईल त्या योजनेचे सदस्य होतात.

दुसरी गोष्ट अशी की, ‘सर्वाधिक उडणारा’ आणि ‘निवडला गेलेला’ हे एकच असतील असे नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर साधारण 4,000 मैल आहे, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे 8,000. पूर्ण मैल देणाऱ्या भाडेवर्गात बसलात तर सहा-सात फेऱ्यांत 50,000 चा पल्ला गाठता येतो. निम्मे मैल देणाऱ्या वर्गात त्याच अंतराला बारा-तेरा फेऱ्या लागतात. आणि काही अतिस्वस्त वर्गांतून भागीदार कंपनीच्या विमानात बसल्यास हाती काहीच लागत नाही. विमान तेच, खुर्ची तीच, शेजारीही तोच; फरक असतो तिकिटावर छापलेल्या, भाडेवर्ग सांगणाऱ्या एका अक्षराचा. पुण्यातल्या कंपन्यांचे ट्रॅव्हल डेस्क साहजिकच सर्वांत स्वस्त अक्षर शोधतात. परिणामी महिन्याआड जर्मनीला जाणारा अभियंता कोराच राहतो आणि वर्षातून चार-पाचदा बिझनेस क्लासने जाणारे त्याचे साहेब सोनेरी होतात. कंपन्यांच्या दृष्टीने यात अन्याय नाही, कारण त्यांना फेऱ्यांची संख्या नव्हे तर मिळकत ओळखायची आहे. ब्रिटिश एअरवेजने तर एप्रिल 2025 पासून हा पडदाही दूर केला. तेथे दर्जा आता मुख्यतः खर्च केलेल्या पौंडांवर ठरतो.

आता ओळख कशी पटते ते पाहू. कार्ड खिशात असून उपयोग नाही. सदस्य क्रमांक आरक्षणात नोंदलेला असावा लागतो आणि एका उड्डाणाला एकच क्रमांक चालतो. तो नीट नोंदला गेला असेल तर बोर्डिंग पासवर चांदणीचे चिन्ह आणि ‘जी’ हे अक्षर छापून येते. ते दिसले नाही तर चेक-इनच्या खिडकीवरच सांगून दुरुस्त करून घ्यावे. पुढे लाउंजच्या, म्हणजे विमानतळावरील विश्रामकक्षाच्या, दारात वाद घालण्यात अर्थ नसतो.

या वर्षातला मला सर्वांत रोचक वाटलेला भाग लाउंजचा, आणि तो खाण्यापिण्यामुळे नव्हे. फ्रँकफर्टला लुफ्तान्साची लाउंज दोन थरांची आहेत. बिझनेस क्लासचे तिकीट असलेल्या, पण दर्जा नसलेल्या प्रवाशाला बिझनेस लाउंज मिळते. स्टार गोल्ड मात्र इकॉनॉमीच्या तिकिटावरही त्याच्या वरच्या सिनेटर लाउंजमध्ये जातो. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर हीच उतरंड उलटी होते. तेथे सिल्व्हरक्रिस लाउंज बिझनेस क्लासच्या तिकिटासाठी राखलेले असून इकॉनॉमीतील गोल्ड सदस्यांसाठी वेगळे, अधिक साधे क्रिसफ्लायर गोल्ड लाउंज आहे. म्हणजे मला निवडणाऱ्या कंपनीच्या घरी माझे पान बिझनेसवाल्यांच्या खालच्या पंगतीत आणि परक्याच्या घरी त्यांच्या वरच्या पंगतीत. याहून गमतीचा नियम युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीचा आहे. अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणावर युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सदस्याला केवळ दर्जाच्या आधारे त्यांचे क्लब, म्हणजे लाउंज, उघडत नाहीत, पण सिंगापूर किंवा तुर्कस्तानच्या योजनेतला गोल्ड तेथे सहज आत जातो. अमेरिकेत वारंवार अंतर्गत प्रवास करणाऱ्या भारतीयाने युनायटेडऐवजी बाहेरच्या योजनेत दर्जा मिळवावा, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

सोबत एक पाहुणा नेता येतो. मात्र त्याचेही त्याच दिवसाचे आघाडीतील उड्डाण असले पाहिजे. पती-पत्नी आणि एक मूल असे कुटुंब असेल तर एकाचा प्रश्न उरतोच. भारतातल्या विमानतळांवर मला या सवलतीचे फार अप्रूप वाटत नाही, कारण इथे क्रेडिट कार्डांनी लाउंजचे दार इतके सैल केले आहे की रांग आत-बाहेर सारखीच असते.

प्रत्यक्ष उपयोगाच्या दृष्टीने माझे मत विचाराल तर सामानाची सवलत पहिल्या क्रमांकावर ठेवीन. वजनाच्या हिशेबाने चालणाऱ्या कंपन्या गोल्ड सदस्याला 20 किलो जादा देतात आणि नगांच्या हिशेबाने चालणाऱ्या एक जादा नग. यंत्राची जोडणी करायला जाताना हत्यारांची पेटी न्यावी लागते, दिवाळीच्या सुमारास तिकडच्या मंडळींसाठी फराळाचे डबेही असतात. जादा सामानाचे भाडे पाहता केवळ एवढ्यावर कार्डाची किंमत वसूल होते. याच्या खालोखाल चेक-इनची वेगळी रांग. जोडउड्डाण चुकल्यावर प्रतीक्षायादीत नाव वर सरकते, हा लाभ क्वचितच लागतो, पण लागतो तेव्हा मोठा वाटतो. बॅगेवरच्या ‘प्रायॉरिटी’च्या चिठ्ठीवर मात्र मी विसंबत नाही. एका विमानतळावर ती चिठ्ठी लावलेली माझी बॅग पट्ट्यावर अगदी शेवटच्या खेपेत आली आणि तेथील कर्मचाऱ्याला त्यात वावगे काही वाटले नाही.

पुणेकरांसाठी खरी अडचण लोहगाव विमानतळापासून सुरू होते. जुलै 2024 पासून वापरात आलेली नवी टर्मिनल इमारत प्रशस्त आहे, पण कार्डाचा उपयोग इमारतीवर नव्हे, विमान कोणाचे यावर अवलंबून असतो. इंडिगो कोणत्याही जागतिक आघाडीत नाही. एअर इंडिया 11 जुलै 2014 पासून स्टार अलायन्सची सदस्य आहे, पण तिचेच भावंड असलेली एअर इंडिया एक्स्प्रेस सदस्य नाही. सिंगापूर एअरलाइन्सची उपकंपनी स्कूटही नाही. विस्तारा पुण्याहून थेट सिंगापूरला जात असे तेव्हा तीसुद्धा आघाडीबाहेर होती. नोव्हेंबर 2024 मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली, तेव्हाच ती विमाने या छत्राखाली आली. त्यामुळे माझ्या बहुतेक प्रवासात कार्डाचे काम मुंबईच्या टर्मिनल 2 वर सुरू होते आणि तोवरचा द्रुतगती मार्गावरचा प्रवास, घाटातल्या कोंडीसह, सर्वांना सारखाच असतो.

सिल्व्हरबद्दल थोडक्यात सांगायचे तर आघाडीच्या पातळीवर त्यात प्रतीक्षायादीतील अग्रक्रमापलीकडे फारसे काही नाही. केवळ त्यासाठी तिकिटाला जास्त पैसे मोजू नयेत. दुसऱ्या टोकाला लुफ्तान्साचे हॉन सर्कल किंवा सिंगापूरचा पीपीएस क्लब यांसारखे उच्च दर्जे आहेत. फ्रँकफर्टला हॉन सर्कलच्या सदस्याला मोटारीने विमानापर्यंत सोडतात, पण तोच सदस्य लुफ्तान्सा गटाबाहेरच्या कंपनीच्या विमानात बसला की माझ्यासारखाच साधा गोल्ड होतो. वनवर्ल्ड आघाडीने रुबी, सफायर आणि एमराल्ड अशा तीन पायऱ्या ठेवल्या असून एमराल्ड सदस्याला भागीदारांचीही फर्स्ट क्लास लाउंज खुली असतात. या बाबतीत ती व्यवस्था मला अधिक प्रामाणिक वाटते. स्कायटीम या तिसऱ्या आघाडीच्या एलिट प्लस या वरच्या दर्जाला लाउंज मिळते ते आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक धोका ध्यानात ठेवावा. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स 1997 मध्ये स्टार अलायन्स स्थापणाऱ्या पाच कंपन्यांपैकी एक होती, पण 1 सप्टेंबर 2024 रोजी ती स्कायटीममध्ये गेली आणि तिच्या गोल्ड सदस्यांचे स्टार आघाडीतले स्थान त्या दिवशी संपले. कंपनी आघाडी बदलते तेव्हा प्रवाशाला विचारत नाही.

क्रिसफ्लायरमध्ये दर्जा टिकवायलाही पुन्हा 50,000 एलिट मैलच लागतात, कोणतीही सूट नाही. ट्रॅव्हल डेस्कने एक अक्षर वरचे तिकीट मान्य केले तर पुढच्या वर्षी मी हेच खाते चालू ठेवीन. नाहीतर जर्मनीच्या फेऱ्या टर्किशच्या खात्यात वळवीन, कारण 40,000 वर दोन वर्षे हा हिशेब आमच्यासारख्यांना जास्त परवडतो.