१२, १९ की २४ व्होल्ट? छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला कुठला सप्लाय द्यावा

टीपीए ३११६ या अ‍ॅम्प्लिफायर चिपचा स्टिरिओ बोर्ड घेतला की दुकानदार हमखास सांगतो, "बारापासून चोवीसपर्यंत काहीही लावा." चालतं खरं, पण तिन्हींत फरक बराच आहे.

व्होल्ट दुप्पट झाले की वॅट चौपट होतात. ८ ओहमच्या स्पीकरवर कागदी हिशोबाने चॅनलमागे १२ व्होल्टला ९ वॅट, १९ ला साधारण २२ आणि २४ ला ३६ वॅट पडतात. कानाला मात्र इतकं जाणवत नाही. बारावरून एकोणीसला गेलात तर ४ डेसिबल वाढतात, तिथून चोवीसला फक्त २.

१२ व्होल्टची सोय मोठी. बॅटरीवर चालतं, लाइट गेली तरी गाणी सुरू. पण राउटरचा १ अँपियरचा अडॅप्टर लावू नका. आवाज वाढवलात की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला बोर्डावरचा एलईडी मंद होतो आणि आवाज फाटतो. दोष बिचाऱ्या स्पीकरवर जातो.

घरात ऐकायला माझं मत १९ ला. जुन्या लॅपटॉपचा ६५ वॅटचा अडॅप्टर ३.४२ अँपियर देतो आणि तो बहुतेकांच्या माळ्यावर पडलेला असतोच. काहींच्या पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते. ती अडॅप्टर ओळखण्यापुरती, सप्लाय तिच्यावर नसतो. प्लस-मायनस मल्टिमीटरने तपासूनच जोडा.

२४ चा मोह ८ ओहमचे मोठे स्पीकर असतील तरच. ४ ओहमवर चिप तापते आणि ऐन रंगात स्वतःला वाचवायला आवाज बंद करते. शिवाय बोर्डावरच्या कपॅसिटरवर काय छापलंय ते वाचा. स्वस्त बोर्डावर २५ व्होल्टचे असतात, निदान ३५ चे हवेत. चिपची स्वतःची शिफारसही २६ पर्यंतचीच.

आणि ट्रान्सफॉर्मर लावणार असाल, तर २४ एसी म्हणजे २४ डीसी नव्हे. मी एकदा १२-०-१२ ची (मधल्या वायरच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट एसी देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) मधली वायर सोडून दोन्ही टोकं ब्रिज रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडना दिली. चट्ट आवाज, जळका वास. मल्टिमीटर लावायचं सुचलं ते नंतर: पस्तीस व्होल्टच्या आसपास डीसी! मधली वायर मायनसला घेऊन दोन डायोड लावले असते तर सोळा-सतरा मिळाले असते. दुसरा बोर्ड आता तसाच चालतो, त्याच ट्रान्सफॉर्मरवर.